कबड्डीत डोक्याला मार लागला, सीटी स्कॅन नॉर्मल आला. मुलीला 9 दिवसांनी निवड चाचणी खेळू द्यावी का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. मुलगी 15 वर्षांची, उजवा कोपरा खेळते, म्हणजे बचावाच्या रांगेत उजव्या टोकाला असते. परवा सरावात चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. बेशुद्ध पडली नाही, पण मिनिटभर कुठे आहोत ते तिला कळेना, घरी आल्यावर एकदा उलटी झाली. सीटी स्कॅन नॉर्मल. डोकं अजून थोडं दुखतंय, पण "मला काही झालेलं नाही" म्हणते. 9 दिवसांनी जिल्ह्याची निवड चाचणी आहे आणि सरांचं म्हणणं, बरं वाटत असेल तर खेळू दे.

खेळू देऊ नका. 9 दिवसांत तर नाहीच.

मी डॉक्टर नाही. बरीच वर्षं डावा कोपरा खेळले, आता शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवते. 17 वर्षांची असताना मांडी पकडायला गेले आणि असाच गुडघा डोक्यात बसला. सामना पूर्ण खेळले. परतीच्या एसटीत मैत्रिणी दुसऱ्या डावाबद्दल बोलत होत्या आणि मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. पाचव्या दिवशी डोकेदुखीची गोळी घेऊन पुन्हा मैदानात उतरले. कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या सामन्यात एक साधा धक्का लागला, डोक्याला तर लागलंच नव्हतं, नुसता अंगाला हिसका बसला. पुढचे तीन महिने ट्यूबलाइटकडे बघवत नव्हतं, पुस्तकाच्या ओळी डोळ्यांपुढे हलायच्या. बारावीचं वर्ष होतं ते. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आधी सीटीबद्दल. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं फ्रॅक्चर शोधतो. ते नाही, हे फार चांगलं झालं. पण कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्यात बिघडतं ते मेंदूचं काम, आणि ते त्या फोटोत दिसत नाही. मिनिटभराचा गोंधळ, उलटी आणि डोकेदुखी, एवढं कन्कशन धरून चालायला पुरेसं आहे. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. बहुतेक जण पडतही नाहीत.

तरीही पहिले काही दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झोपेतून उठवणं जड गेलं, आकडी आली, हातापायात जोर राहिला नाही, एकाचे दोन दिसले, बोलणं अडखळलं, मान खूप दुखली किंवा नाकाकानातून पाण्यासारखं काही आलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी थेट हॉस्पिटल गाठा. "सीटी झालाय की" म्हणून थांबू नका. आपला कसोटीपटू रमण लांबा 1998 मध्ये ढाक्यात हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा होता, चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत आत गेला होता. तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

आता "बरं वाटतंय तर खेळू दे" याबद्दल, कारण खरी अडचण इथेच आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला, तेव्हा तो 80 वर होता. संघाच्या डॉक्टरांनी तपासलं, चाचण्या घेतल्या, त्यात तो उतरला, परत फलंदाजीला आला आणि 92 वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तेव्हा डोकं दुखत होतं, जडावल्यासारखं झालं होतं. त्याला सामन्यातून काढलं, मार्नस लाबुशेन हा कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला आणि पुढच्या हेडिंग्लेच्या कसोटीलाही स्मिथला मुकावं लागलं. सोबत पूर्ण वैद्यकीय पथक असताना हे झालं. आपल्याकडे तालुक्याच्या मैदानावर स्प्रेची बाटली आणि बर्फाची पिशवी असते.

आणि मुलं खरं सांगत नाहीत. ती वाईट नसतात, त्यांना खेळायचं असतं. कॅनडातल्या ओटावामध्ये रोवन स्ट्रिंगर नावाची 17 वर्षांची रग्बी खेळाडू होती. 2013 मध्ये आठवडाभरात तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागला. आपल्याला कन्कशन झालंय अशी शंका तिला स्वतःला आली होती, तिने फोनवर त्याची माहितीही शोधली होती. तरी ती खेळली आणि शेवटच्या माराने गेली. 2018 मध्ये ऑन्टारिओने तिच्या नावाने कायदा केला. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक लहान वयातच होतं. म्हणून हा निर्णय मुलीवर सोपवू नका. "तुला काय वाटतं?" असं विचारलंत तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

मग किती दिवस? ब्रिटनमध्ये हौशी खेळांसाठी 2023 साली जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात स्पर्धेत उतरायला किमान 21 दिवस सांगितलेत, आणि अंगाला अंग भिडणाऱ्या सरावाआधी 14 दिवस एकही लक्षण नको. हे कमीत कमी झालं. मुलांना पूर्ण बरं व्हायला महिनाही लागतो. मी माझ्या मुलींना हाच हिशेब लावते.

आता तिने करायचं काय? पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल आणि टीव्ही अगदी कमी. पण अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहा, हा जुना सल्ला आता मागे पडलाय. तिला झोपू द्या, झोप चांगली. दोन दिवसांनी घराजवळ चालायला न्या. चालताना डोकं किंचित दुखलं आणि तासाभरात थांबलं तर चालेल. जास्त दुखलं तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. शाळा आधी, कबड्डी नंतर. सुरुवातीला अर्धा दिवस पाठवा, वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या, दोन तासिकांच्या मधल्या वेळात डोकं टेकवायची मुभा मागा. काही दिवस रस्त्यावर सायकल नको, तोल गेला तर पुन्हा तेच. गोळीचं डॉक्टरांना विचारा. आणि ज्या दिवशी गोळी खाऊन बरं वाटतंय, तो दिवस बरं वाटण्यात धरू नका. मी तेच केलं होतं.

मग हळूहळू जॉगिंग. त्यानंतर मॅटवर एकटीने पदन्यास, समोर कोणी नको. मग साखळीत, म्हणजे शेजारणीचा हात धरून, उभं राहून हालचाली, पण पकड नाही. एका पायरीला निदान एक पूर्ण दिवस, आणि लक्षण परतलं की एक पायरी मागे. सगळी लक्षणं गेली आणि डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं, की मगच पकड. माझ्याकडे पहिली पकड मी स्वतः माझ्या अंगावर करून घेते, दुसऱ्या मुलीला चढाईला पाठवत नाही. कोपऱ्यावरच्या मुलीचं डोकं गुडघ्याच्या उंचीवर जातं. या खेळात ते टळत नाही, म्हणून डोकं बाजूला ठेवून खांदा कसा लावायचा, हे तिच्याकडून पुन्हा पहिल्यापासून घोटून घ्यायला सरांना सांगा.

सरांशी भांडू नका. बहुतेक प्रशिक्षकांना हे कोणी शिकवलेलंच नसतं, मलाही नव्हतं. त्यांना एवढंच म्हणा, "सर, डॉक्टरांनी लेखी दिल्याशिवाय ती उतरणार नाही, आणि हे मी ठरवलंय." बोलणं तुमच्यावर घ्या, म्हणजे संघात तिला कोणी घाबरट म्हणणार नाही. निवड समितीला डॉक्टरांच्या कागदासह अर्ज देऊन ठेवा. नंतर संधी मिळेलच असं नाही, पण विचारायला हवं.

चाचणीच्या दिवशी ती रडेल. त्या दिवशी तिला मैदानावर जाऊन मैत्रिणींना बघायचंय की घरी थांबायचंय, हे मात्र तिला विचारा, आणि ती म्हणेल तसं करा.