जुन्या बुलेटच्या इंजिनात पुशरॉड कसे बसवायचे आणि किती घट्ट ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कऱ्हाडला वडिलांची जुनी, बिडाच्या बॅरलची (सिलिंडरची) बुलेट ३५० खोललीय, बोअर झालं, व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो ती कड) कापून झाल्या, हेड बसलं. आता कुठला पुशरॉड कुठे, किती घट्ट, आणि किटमधले नवे टाकायचे की जुनेच? मी साताऱ्यात हीच इंजिनं बांधतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पुशरॉड म्हणजे खालच्या टॅपेटची हालचाल वरच्या रॉकरपर्यंत नेणारी दांडी; रॉकर मग व्हॉल्व्ह उघडतो. पुशरॉडची लांबी कमी-जास्त करतो तो ॲडजस्टर, आणि त्याला पक्का करतो तो चेकनट. घट्टपणाचं आधी, कारण नुकसान तिथेच होतं. आपल्याकडे टॅपेट जरा वाजले की गिऱ्हाईक अस्वस्थ होतं, आणि मिस्त्री चेकनट सोडून थोडं आवळून देतो. गाडी शांत होते. पण नव्याने बांधलेल्या इंजिनात सुरुवातीला पुशरॉड आणि रॉकरमधला खेळ (मोकळी फट) आपोआपच कमी होत जातो. गॅसकेट दबतं, हेड किंचित खाली येतं. ताज्या कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह आपटून आपटून बसतो, तेवढी त्याची दांडी वर सरकते आणि रॉकरचं दुसरं टोक पुशरॉडवर दाबलं जातं. पहिल्यापासूनच आवळून ठेवलं असेल तर थोड्याच दिवसांत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता मिटलेला असताना सीटमधूनच हेडमध्ये उतरते. ती वाट बंद झाली की त्याची कड जळते. मग यवतेश्वरचा घाट चढताना गाडी दम टाकते, गरम झाल्यावर किकला कॉम्प्रेशन लागत नाही, आणि लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

म्हणून माप एकच. रात्रभर थंड झालेलं इंजिन, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीला (म्हणजे सगळ्यात वर), दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवला तर मोकळा फिरला पाहिजे, आणि वर-खाली हलवला तर खेळ जाणवता कामा नये. फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) गरज नाही. रॉड ॲल्युमिनियमचे आहेत आणि बॅरल बिडाची. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट वाढतं, पण रॉड बॅरलपेक्षा थंड राहतो, त्यामुळे दोघांची वाढ साधारण जुळते. स्टीलचे रॉड बनवून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, हे गणित बिघडतं.

आता बसवायचं. इनलेट आणि एक्झॉस्टचे रॉड लांबीला वेगळे असतात, त्यामुळे काढतानाच खूण करायला हवी. खूण नसेल तरी घाबरू नका. रॉड अदलाबदल झाले असतील तर एका बाजूचा ॲडजस्टर शेवटपर्यंत आत जातो आणि दुसऱ्या बाजूचा आटे संपेपर्यंत बाहेर येतो. असं दिसलं की जोर न लावता रॉड बदलून बघा. सीट जास्त कापली असेल तरीही ॲडजस्टर बराच आत जातो, ते लक्षात असू द्या.

उजव्या बाजूचं टॅपेटचं कव्हर काढलं की पहिलं काम फडक्याचं. आतली सगळी भोकं स्वच्छ फडक्याने बुजवा. चेकनटशी झटापट करताना वायसर किंवा आणखी काही निसटून टायमिंगच्या बाजूला गेलं, तर अख्खं कव्हर उघडावं लागतं. फडकी मोजून घाला आणि मोजून काढा.

ॲडजस्टर पूर्ण आत घ्या, मग रॉड वरून सोडा. खालच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं तर ते टॅपेटवर चिकटून राहतं आणि वरचं टोक रॉकरखाली आणायला हात मोकळा मिळतो. रॉकर ज्यात बसतो त्या ब्लॉकचे वरचे-खालचे भाग जोडीनेच केलेले असतात. इनलेटचं झाकण एक्झॉस्टवर लावायचं नाही. बोल्ट चारही थोडे थोडे, आलटून पालटून आवळा, आणि प्रत्येक वेळी रॉकर बोटाने हलवून बघा. अडकतोय असं वाटलं की तिथेच थांबा. रॉकरवर हाताने तेल सोडा, कारण पंपाचं तेल वर पोचायला वेळ लागतो.

सेटिंगला तीन पाने लागतात: एक धरायला, एक फिरवायला, एक चेकनटला. चेकनट आवळताना माप हमखास सरकतं, म्हणून आवळल्यावर रॉड पुन्हा फिरवून बघायचा. डीकंप्रेशनची (किक मारताना कॉम्प्रेशन सोडणारी) केबल टॅपेटच्या खणात जात असेल तर तिला ढील ठेवा. ती ओढलेली असली तर तुमचं माप खोटं निघेल.

नवे की जुने? जुना रॉड काचेवर लोळवा. खालून उजेड दिसला तर वाकलाय. मग दोन्ही टोकांच्या स्टीलच्या टोप्या पिळून बघा. टोपी नळीवर जराही हलली तर तो रॉड बाद. दोन्हीत पास झाला आणि टोकाला खड्डे नसतील, तर मी जुनाच वापरतो. नवे टाकणार असाल तर जुन्याशेजारी उभे करून लांबी जुळवा. किटमध्ये दुसऱ्याच इंजिनाचे रॉड आलेले मी पाहिलेत.

गाडी एकदा नीट गरम करून रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी आधी हेडचे नट आवळा, टॅपेट त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर हेड खाली येऊन खेळ खातं. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर हेच पुन्हा करा. तेव्हा एक्झॉस्टचा रॉड बोटाला जड लागला तर तो मोकळा करा, थोडा आवाज आला तरी चालेल.