पॅटर्न शॉपमधला जुना लाकडाचा लेथ घेतलाय, गंज ऍसिडनं काढू का?

लेथला ऍसिड अजिबात लावू नका. पटाश्यांचं वेगळं आहे, त्यांच्याकडे नंतर येतो.

तुम्ही लिहिलंय की बेडवर, म्हणजे लेथच्या लांब सपाट पायावर, तांबडा थर आहे, टेलस्टॉक (बेडवर सरकून लाकडाचं दुसरं टोक धरणारा भाग) जाम आहे आणि सोबत आलेल्या पटाश्या गंजल्यात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून, तेही पॅटर्नवाल्याकडून (ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्याकडून) आलेलं मशीन, म्हणजे बेड बहुधा बिडाचाच असणार. बिडावरचा असा गंज दिसायला भयंकर असतो, पण बऱ्याचदा वरवरचाच असतो. मशीन नवं दिसलं पाहिजे हा हट्ट आधी सोडा. जिथं लोखंड लोखंडावर सरकतं किंवा घट्ट बसतं, तेवढ्याच जागा महत्त्वाच्या: बेडचा माथा, टेलस्टॉकची स्लीव्ह (आत-बाहेर सरकणारी नळी), दोन्हीकडचे टेपर (लाकडाला टेकणारं टोक, म्हणजे सेंटर, बसतं ती निमुळती भोकं) आणि टूल रेस्टची (पटाशी टेकवायच्या पट्टीची) वरची कड. बाकी अंगावरचा गंज तारेच्या ब्रशनं झाडा, रेड ऑक्साइडचा हात मारा आणि विसरा. फक्त जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. ओला करून घासा.

बेडला डिझेल चोपडून रात्रभर ठेवा. सकाळी रुंद ब्लेड अगदी आडवं धरून, बेडच्या लांबीच्या दिशेनं खरवडायला लागा. आधी चॉकलेटी चिखल निघतो, मग ब्लेडचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सुळसुळ येते. तिथं थांबायचं. पुढं ३२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळून तेलात घासा. बोटांनी दाबून घासलं की कडा गोल होतात. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून पाच मिनिटांत चकाचक करून देणारा कुणीतरी भेटेलच, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. त्यानं बेडला खळगे पडतात आणि ते भरून येत नाहीत. काळे डाग, बारीक खड्डे राहिले तर राहू देत. टेलस्टॉक उरलेल्या सपाटीवरून सरकतो.

जाम टेलस्टॉकवर थेट हातोडा नको. फटींत डिझेल आणि पातळ ऑइल सोडत राहा, मधेमधे लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. टेपरच्या भोकात काठीला गुंडाळलेलं तेलकट फडकं फिरवा, जाड पेपर कधीच नाही, नाहीतर सेंटर डुगडुगणार. शंका असेल तर सेंटरला प्रशियन ब्लू (कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून बसवून बघा, उद्यमनगरात कुठल्याही फिटरकडे डबी मिळेल. टूल रेस्टच्या कडेला दात पडले असतील तर कानस मारून सरळ करा, तिथं पटाशी अडखळली की लाकडावर लाटा उमटतात.

आता पटाश्या. धार लावायच्या आधी कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवून ठिणगी बघा. पांढरट, फुटून चांदण्या होणारी ठिणगी म्हणजे कार्बन स्टील. मंद, तांबूस आणि फारशी न फुटणारी म्हणजे हाय स्पीड स्टील. कार्बनची पटाशी ग्राइंडिंग करताना निळी पडली की तिथला कडकपणा गेला, म्हणून सारखी पाण्यात बुडवायची.

पटाश्यांच्या गंजासाठी लिंबूसत्त्व (सायट्रिक ऍसिड) पुरतं: एक लिटर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम. मूठ काढून फक्त पातं बुडवा, दर तासाभरानं उचलून बघा, रात्रभर विसरू नका. मग घासून धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच पुसून तेल लावा. आपल्याकडच्या जुलैत पुसायला उशीर केलात तर तुमच्या डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस छटा येते. संडास साफ करायचं ऍसिड मात्र त्या खोलीतही उघडू नका, त्याच्या वाफेनं शेजारच्या चांगल्या हत्यारांनाही गंज चढतो.

गोल पटाशीची आतली खाच नीट बघा. धार म्हणजे ती खाच आणि बाहेरचा उतार जिथं भेटतात ती रेघ, त्यामुळं खाचेतला प्रत्येक खड्डा धारेवर दात होऊन उमटतो. बारीक गोल काठीला पेपर गुंडाळून खाच गुळगुळीत करा, खड्डा खोल असेल तर त्याच्या मागेपर्यंत ग्राइंड करा. मूठ काढलीच आहे तर आतला दांडाही तपासा. तो गंजून बारीक झाला असेल तर ती पटाशी भंगारात द्या. फिरत्या लाकडावर ती तुटली तर तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही.

साफ केलेल्या बेडला तेलापेक्षा मेण बरं. तेलाला भुसा चिकटतो, भुसा ओल धरतो आणि लाकडालाही डाग पडतात. ओल्या बाभळीचे छिलके तर रात्रभर बेडवर ठेवूच नका, सकाळी निळे-काळे डाग दिसतात. पावसाळ्यात वर प्लॅस्टिक न टाकता जुनी सुती चादर टाका. प्लॅस्टिकखाली पाणी सुटतं.

वीज जोडण्याआधी पट्टा काढून स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) हातानं फिरवा. खरखर लागली तर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर, ६२०५ किंवा जो असेल तो, टिपून तसंच नवं आणा. मशीन २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेलं असेल तर खरखरीची वाट न बघता बेअरिंग बदला, आणि मोटर वाइंडिंगवाल्याकडून मेगरनं (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रानं) तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका.