छोटी विमानं उतरतानाच जास्त का आपटतात? चांगला वैमानिक नेमकं काय वेगळं करतो?

लहान विमानांच्या अपघातांत लँडिंगचा वाटा सगळ्यात मोठा असतो, हे तुम्ही म्हणता ते खरंच आहे. पण त्यात माणसं दगावण्याचं प्रमाण बरंच कमी. नाकाचं चाक मोडतं, प्रोपेलर जमिनीला घासतो, विमान धावपट्टी सोडून गवतात शिरतं आणि मालकाला दुरुस्तीचा भुर्दंड पडतो.

मी विमान चालवायला शिकवतो. माझ्या मते खराब लँडिंगचं मूळ बहुतेक वेळा वेगात असतं. सेसना १७२ हे शिकायचं लहान विमान पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली वळणाऱ्या झडपा) लावून साधारण ६० ते ७० नॉट (तासाला सुमारे ११० ते १३० किलोमीटर) वेगाने धावपट्टीकडे आणतात. विद्यार्थी मात्र "थोडा जास्त असलेला बरा" म्हणून ७५ ठेवतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे ६५ ऐवजी ७५ म्हटलं की जिरवायची ऊर्जा जवळपास एक तृतीयांशाने वाढली. त्यात जमिनीलगत पंखांना होणारा हवेचा अडथळा कमी होतो, त्यामुळे विमान टेकायचं नावच घेत नाही, तरंगतच राहतं. धावपट्टी संपत चाललेली दिसते, धीर सुटतो आणि हात योक (विमानाचं नाक वर-खाली करायचं हातातलं सुकाणू) पुढे ढकलतो. नाकाचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, विद्यार्थी पुन्हा पुढे ढकलतो. प्रत्येक उसळी आधीच्यापेक्षा वाईट, कारण हात विमानाच्या अर्धा क्षण मागे असतो. उसळलेलं विमान योकने बडवून खाली बसवता येत नाही. पूर्ण थ्रॉटल द्यायचा, म्हणजे इंजिनाची सगळी शक्ती लावायची, आणि परत वर जायचं; यालाच गो-अराउंड म्हणतात.

फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर घेताना, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे हवी. नाकासमोरच्या डांबराकडे बघत राहिलात तर उंचीचा अंदाज हमखास चुकतो.

वारा बाजूने असेल तर वाऱ्याकडचा पंख किंचित खाली, उलट बाजूचा रडर (शेपटीवरचं, पायाने चालवायचं सुकाणू), आणि वाऱ्याकडचं मुख्य चाक आधी टेकवायचं. टेकल्यावरही एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान एका बाजूला कलवणारी झडप) वाऱ्याकडे धरूनच ठेवायचा. इथे पुष्कळ जण चाकं लागली की सुटलो म्हणून हातपाय सैल सोडतात, आणि गवतात जायची वेळ नेमकी तीच.

उतरताना जीव जातो तो बऱ्याचदा टेकण्याआधीच्या वळणावर. धावपट्टीच्या रेषेत यायचं वळण पुढे गेलं की माणूस रडरने नाक ओढून आत आणायला बघतो. वेग कमी, उंची कमी, त्यात घसरतं वळण; एक पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल अचानक गेली, तर सावरायला खाली जागाच नसते. वळण हुकलं तर हुकू द्यावं, फेरी मारून पुन्हा यावं.

गो-अराउंडची लाज वाटायचं काही कारण नाही, पण त्याचाही सराव लागतो. पूर्ण शक्ती दिली की नाक वर आणि डावीकडे जायला बघतं, म्हणून योक दाबून धरायचा आणि उजवा रडर द्यायचा. फ्लॅप टप्प्याटप्प्यानेच वर घ्यायचे. एकदम घेतले तर उचल जाते आणि विमान खाली बसतं.