ज्ञान मागावं की बुद्धी?

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. घरी त्या मराठी बायबल वाचतात, पण त्यांच्या चर्चची संध्याकाळची उपासना हिंदीत असते. याकोबाच्या पत्रात (१:५) मराठीत आहे की कोणी ‘ज्ञानाने उणा’ असेल तर त्याने ते देवाजवळ मागावं. हिंदीत त्याच जागी ‘बुद्धि की घटी’ आहे. महिला मंडळात प्रार्थना चालवायची पाळी आता त्यांच्यावर आली आहे. मग मागायचं काय, ज्ञान की बुद्धी? आणि पुढे ‘शक्ती’ म्हणावं, ‘सामर्थ्य’ म्हणावं, की नुसतं ‘बळ’?

प्रश्न अस्सल नागपूरचा आहे. १८६१ पासून हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, तोवर इथला कारभार मराठी आणि हिंदी मुलखांचा मिळून चालायचा. त्यामुळे एकाच मंडळीत मराठी आणि हिंदी प्रार्थना कानावर पडणं इथे नवं नाही. पुण्याच्या माणसाला हा पेच सहसा पडणार नाही.

आधी मूळ शब्द पाहू. याकोबाने ग्रीकमध्ये ‘सोफिया’ लिहिलं, आणि त्याच्या मनामागे हिब्रू ‘होखमा’ होता. होखमाचा पैस मोठा आहे. बायबलच्या निर्गम या पुस्तकात (अध्याय ३१) बसालेल नावाचा कारागीर देवाने होखमाने भरला, तो सोनं, रुपं, पितळ घडवण्यासाठी आणि लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. म्हणजे हातातलं कसबही होखमाच. शलमोन राजाने गिबोनात देवाकडे जे मागितलं (१ राजे ३:९), ते हिब्रूत शब्दशः ‘ऐकणारं हृदय’ आहे. त्याला लोकांचा न्याय करायचा होता, पुस्तकी माहिती नको होती. लगेच पुढची गोष्ट त्या दोन बायकांची आहे. एका तान्ह्या बाळावर दोघी हक्क सांगतात, साक्षीदार कोणी नाही. शलमोन तलवार मागवतो, आणि मूल दुसरीला द्या पण मारू नका असं जी कळवळून म्हणते ती आई ठरते. होखमा म्हणजे काय, हे कोशापेक्षा या प्रसंगात जास्त स्वच्छ दिसतं.

आता मराठी. आजच्या बोलण्यात ‘ज्ञान’ म्हटलं की शाळा, पुस्तकं, सामान्यज्ञानाची परीक्षा आठवते. ‘बुद्धी’ म्हटलं की हुशारी, किंवा मनाचा कल: सद्बुद्धी, दुर्बुद्धी, ‘देव त्याला बुद्धी देवो’. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आई बुद्धीच मागते. या दोन्हींत होखमाचा एकेक तुकडा आहे, पण जगावं कसं हे कळणं, याला आपल्याकडे अगदी घरचा शब्द आहे: शहाणपण.

बोली मात्र या शब्दाशी फार कठोर वागते. ‘शहाणपण’ चांगलं, आणि एक काना वाढला की ‘शहाणपणा’ करू नकोस! नागपुरात तर ‘लय शाना झाला का बे’ हे कौतुक नसतंच. म्हणून प्रार्थनेत हा शब्द उच्चारताना जीभ अडखळते, हे मी समजू शकतो. पण व्युत्पत्ती पाहिली तर अडखळायचं कारण उरत नाही. ‘शहाणा’ आला ‘सज्ञान’वरून, हिंदीतला ‘सयाना’ही तिथूनच. कायद्याने अठरा पूर्ण झालेला सज्ञान आणि घरात चार गोष्टी समजणारा शहाणा, हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. ज्ञान मागणारी ओळ शहाणपणाला बाहेर ठेवत नाही.

‘प्रज्ञा’ का नको, असंही कोणी विचारेल. अर्थाने तो शब्द फार जवळचा आहे. पण दीक्षाभूमीच्या शहरात ‘प्रज्ञा, शील, करुणा’ एका दमात म्हटलं जातं. त्या शब्दामागे १९५६ च्या ऑक्टोबरचा सगळा इतिहास उभा आहे. तो शब्द तिथेच शोभतो, असं माझं मत आहे.

‘आध्यात्मिक’ की ‘आत्मिक’, हे ताईंनी विचारलं नव्हतं, पण विषय तिथे जातोच. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाचा ग्रीक शब्द ‘न्यूमाटिकोस’, म्हणजे आत्म्याचा, पवित्र आत्म्याकडून येणारा. मराठीत ‘आध्यात्मिक’ म्हटलं की अध्यात्म आणि आत्मचिंतनाची मोठी परंपरा सोबत येते. ख्रिस्ती घरांत ‘आत्मिक जीवन’, ‘आत्मिक वाढ’ रुळलेलं आहे, आणि त्या घरांत ‘आत्मिक’ म्हणताच पवित्र आत्म्याची आठवण होते. प्रार्थनेत मी तोच घेईन.

राहिलं बळ. इथे कलस्सैकरांस पत्र (१:९–११) नीट वाचावं. पौल तुरुंगात आहे आणि ज्यांनी त्याला कधी पाहिलंही नाही अशा लोकांसाठी मागतो आहे. आधी देवाच्या इच्छेचं पूर्ण ज्ञान मागतो, मग सर्व प्रकारचं सामर्थ्य. आणि ते कशासाठी? ‘हुपोमोने’ आणि ‘माक्रोथुमिया’साठी. पहिल्याचा अर्थ ओझ्याखाली टिकून राहणं, दुसऱ्याचा मनाचा तोल लवकर न जाणं. धीर आणि सहनशीलता, तीही आनंदाने. चमत्कार करायला शक्ती, असं तिथे नाहीच. मेडिकल हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर आजाऱ्यासाठी रात्र काढणाऱ्या माणसाला जे लागतं, ते हे.

‘शक्ती’ शब्दाला देवीचा संदर्भ आहे म्हणून काही जण तो टाळतात. टाळायची गरज नाही. ‘अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते’ हे २ करिंथ १२:९ मराठी मंडळींना तोंडपाठ आहे. पण मराठी वापरात शक्ती अंगात असते आणि संपते. सामर्थ्य भारदस्त आहे, वाचनात शोभतं. बळाचं वेगळं असं की ते दुसऱ्याकडून मिळतं: आईच्या बळावर शिकलो, तुमच्या शब्दाने बळ आलं. आधार कुणाचा, हे त्या शब्दातच येतं. प्रार्थनेला याहून नेमका शब्द मला सापडत नाही.

पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल मराठीत यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून अखेरपर्यंत काम केलं. त्या १९२२ साली गेल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये केडगावला छापून पूर्ण झालं. त्यामुळे घरगुती शब्दांना संकोचू नये, असं सांगायला मला धीर येतो.

तर ताई, वाचन करताना छापलंय तसं ‘ज्ञान’च वाचा, त्यात बदल नको. स्वतःच्या शब्दांत मागताना असं म्हणता येईल: ‘प्रभू, तुझी इच्छा ओळखायला आम्हांला आत्मिक ज्ञान दे, वेळ आली की काय करावं ते कळण्याचं शहाणपण दे, आणि कळलेलं धीराने पार पाडायला तुझं बळ दे.’ हिंदी उपासनेत मात्र ‘बुद्धि’ तशीच राहू द्या. तिथल्या मंडळीच्या कानाला याकोबाची ती ओळ त्याच शब्दाने ओळखीची आहे, आणि हिंदीत बुद्धीला शहाणपणाचा अर्थ मराठीपेक्षा सहज येतो.