पायंडा, दाखला की पूर्वनिर्णय?

सोलापुरात करसल्लागाराकडे उमेदवारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे : "व्हॅटच्या काळातल्या एका अपिलाचं लेखी म्हणणं मराठीत लिहितोय. उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाचा आधार घ्यायचाय. त्याला पायंडा म्हणू, दाखला, नजीर की पूर्वनिर्णय? आमचे साहेब म्हणतात, काहीही लिही, अर्थ कळतो."

अर्थ कळत नाही, हे मी सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत पाहिलंय. चादर-टॉवेलचे एक ओळखीचे व्यापारी आपल्या अपिलाचा आदेश घेऊन माझ्याकडे आले. वाक्य होतं, 'अपीलकर्त्याने सादर केलेले दाखले लागू पडत नाहीत.' गृहस्थ पार हादरले होते. "अहो, सगळे दाखले ओरिजिनल दिलेत की! एक पण खोटा नाही." त्यांच्या डोळ्यांपुढे होता नोंदणीचा दाखला आणि सी फॉर्मचा, म्हणजे परराज्यातल्या गिऱ्हाइकांनी दिलेल्या करविषयक जाहीरपत्रांचा गठ्ठा. आदेशात म्हटले होते ते वकिलांनी वाचून दाखवलेले दोन न्यायालयीन निकाल. हे समजावून सांगेपर्यंत त्यांचा चहा निवून गेला.

दोष त्यांचा नव्हे. जन्माचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असं म्हणत आपण या शब्दाला कागद करून टाकलं आहे. 'दाखला देणे' यात उदाहरण हा अर्थ अजून जिवंत आहे, पण उदाहरण मुद्दा पटवायला असतं. समोरच्याने ते मानलंच पाहिजे असं नाही.

पायंडा तर इथे नकोच. पायंडा कोणी देत नाही, तो पडतो, सवयीने. 'गेली पाच वर्षं अधिकारी आमच्या मालावर याच दराने कर आकारत आले' हा झाला पायंडा. करकायद्यात प्रत्येक वर्षाची आकारणी स्वतंत्र धरतात, त्यामुळे एवढ्याशा मुद्द्यावर अपील टिकणं अवघड. उच्च न्यायालयाच्या निकालाला तुम्ही पायंडा म्हटलंत, तर आपल्याच हाताने त्याला कार्यालयीन सवयीच्या पंगतीला बसवलंत.

नजीर मला मनापासून आवडतो. नजर, कोर्टातला नाझर आणि हा नजीर, तिघे एकाच अरबी धातूचे. नजीर म्हणजे सारखा, जोडीचा. 'बेनजीर'मध्ये तोच आहे. हिंदी-उर्दूत तो या अर्थाने चालतो, पण आपल्याकडे वाचणारा अडखळेल.

राहिला पूर्वनिर्णय, म्हणजे इंग्रजीतला 'प्रिसिडेंट'. तोच लिहा. का, ते विक्रीकराच्याच एका प्रकरणातून सांगतो, कारण तिथे भांडण शब्दाच्या अर्थावरच होतं. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याचं म्हणणं होतं की विड्याची पानं म्हणजे भाजीपालाच, आणि भाजीपाल्याला करमाफी आहे. वनस्पतीपासून मिळतं ते सगळं भाजीत धरायचं, तर पान आलंच! सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितलं की करकायद्यातला असा रोजच्या वापरातला शब्द वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने घ्यायचा नाही, चार लोक बोलताना घेतात त्या अर्थाने घ्यायचा. पानावर कर बसला. पुढे १९७७ साली पश्चिम बंगालचं प्रकरण आलं, ओल्या आल्याचं. तिथल्या कायद्यात 'सब्जी, तरकारी, शाक' म्हणून ओळखला जाणारा भाजीपाला असे शब्दच होते. न्यायालयाने हीच कसोटी लावली आणि आलं भाजीत बसवलं.

आता 'दाखला' या शब्दाने विचार करून बघा. पान कुठे, आलं कुठे. एकावर कर, दुसऱ्याला माफी. दाखला लागू पडत नाही, विषय संपला. पूर्वनिर्णय म्हटलं की प्रश्नच बदलतो : तो निर्णय कोणत्या कारणावर उभा होता, आणि ते कारण इथे लागू होतं का? बांधून घेतं ते कारण. पान आणि आलं दिसायला सारखी असण्याची गरजच नाही.

शिवाय दाखल्यात नसलेला अधिकार पूर्वनिर्णयात आहे. सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा संविधानाच्या अनुच्छेद १४१ मुळे देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणावर व अपील अधिकाऱ्यांवर. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निर्णय मात्र आपल्याकडे मार्गदर्शक. त्याच्यापुढे 'बंधनकारक' लिहू नका. वरच्या अपील प्राधिकरणाचा निर्णय खात्याला पटत नाही, एवढ्यावरून अधिकाऱ्याला तो डावलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली केंद्रीय अबकारी कराच्या प्रकरणात बजावलं आहे.

वापराचं थोडं. पूर्वनिर्णय पुल्लिंगी, अनेकवचन तेच : 'दोन पूर्वनिर्णय'. तो लागू होतो, त्याचा आधार घेतात, त्यावर भिस्त ठेवतात. निकालाच्या मूळ प्रतीला 'न्यायनिवाडा' म्हणा, तो शब्द वकिलांच्या तोंडी आहेच. सुनावणीत 'केस लॉ', 'सायटेशन' बोललात तरी काही बिघडत नाही. लेखी म्हणण्यात मात्र असं काहीसं वाक्य येऊ द्या :

'मा. उच्च न्यायालयाच्या सोबत जोडलेल्या पूर्वनिर्णयाचा अपीलकर्ता आधार घेत आहे. त्यातील माल वेगळा असला, तरी तो निर्णय ज्या कारणावर दिला आहे, ते कारण प्रस्तुत प्रकरणास लागू होते व तो निर्णय या प्राधिकरणावर बंधनकारक आहे.'