भुसावळला रेल्वेत असलेल्या आजोबांचे तंबाखूचे पाइप त्यांच्यामागे कुठे गेले, कसे शोधायचे?

आधी आत्यांकडे आणि आजोबांच्या ड्युटीवरच्या जुन्या सोबत्यांच्या घरी विचारा, जुन्या बाजारात नंतर जा. जळगावात जुन्या वस्तूंची घेणी-देणी करतो, त्यावरून सांगतो: पाइप सहसा विकले जात नाहीत, रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडताना भरलेल्या ट्रंकेत नाहीतर माळ्यावर पडून असतात. ‘पाइप आहे का?’ विचारलंत तर ‘नाही’च ऐकाल, तंबाखूचा पत्र्याचा डबा, चष्म्याचं घर, दाढीचं सामान कुठे ठेवलंय ते विचारा. सोबत आजोबांचा पाइप तोंडात असलेला एखादा फोटो न्या. दांडा सरळ की वाकडा, एवढं त्यात दिसलं तरी पुरे.

सापडला तर हे बघा:
- दांड्यावरचा शिक्का. डनहिल (इंग्लंडची पाइप बनवणारी कंपनी) असेल तर तोंडाकडच्या काळ्या नळीवर पांढरा ठिपका असतो.
- चांदीची कडी. इंग्लंडची असेल तर भिंगातून छाप दिसतो: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबळ्याचं तोंड म्हणजे लंडन. शेजारच्या अक्षरावरून साल काढता येतं.
- नळीवरचे दातांचे व्रण. घासून काढू नका, ओळख पटवायला शिक्क्यापेक्षा तेच कामाचे. (नळी हिरवट-पिवळी पडली असेल तर ते रबर जुनं झाल्याचं लक्षण, बुरशी नव्हे.)

मात्र शिक्क्यावरून कंपनी आणि फार तर साल कळेल, मालक नाही. त्यामुळे बाजारात कुणी ‘हाच तुमच्या आजोबांचा’ म्हणत दाखवला, तर फोटोशी ताडल्याशिवाय पैसे मोजू नका.