तात्यांनी सांगितलेला 'पिंजरा'

हॅम्बुर्ग, रविवार सकाळ

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री झोपताना ऐकला आणि सकाळी चहाच्या आधीच लिहायला बसलो. शनिवारी आत्याकडे भिशी होती. तू सिनेमावेडी आहेस हे कळल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या सगळ्या काकूंनी तुला एकेक पिक्चर सुचवला आणि तिथल्या तिथं शेवटासकट सांगूनही टाकला. तू हात जोडून "काकू, शेवट नको ना" म्हणालीस, तर सगळ्या गप्प झाल्या आणि आत्याचा चेहरा उतरला. "बाबा, आपल्याकडे पिक्चर सुचवायचा म्हणजे अख्खा सांगायचाच असतो का? आणि पुढच्या शनिवारी मी त्यांना काय सुचवू?" असं तू विचारलंस.

तू काही वावगं बोलली नाहीस. पण आत्याचं काय झालं ते मला इथून दिसतं. तिनं हौसेनं वाढलं आणि तू ताटावर हात आडवा धरलास, असं तिला वाटलं असणार.

आम्ही लहान असताना आटपाडीकडच्या आपल्या गावात थिएटर नव्हतं. वर्षातून एकदा खरसुंडीच्या यात्रेत सिनेमाचा तंबू लागायचा. एका अंगाला खिलार बैलांचा बाजार, दुसऱ्या अंगाला तंबू. आत भुईवर बसायचं, बाप्ये एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे दोरी. रीळ तुटलं की शिट्ट्या. तिथंही आई आणि आज्जी कधी गेल्या नाहीत. सिद्धनाथाचं दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा, बांगड्या भरायच्या आणि दिवस मावळायच्या आत घर गाठायचं. सांगली तर एसटीनं तीन तासांवर, तिथं पिक्चरसाठी कोण जाणार?

जायचे ते आमचे तात्या, माझे थोरले चुलते. एसटीत कंडक्टर होते आणि त्यांची गाडी गावात मुक्कामाला असायची. सांगलीत दोन फेऱ्यांच्या मधे वेळ मिळाला की ते थिएटरात शिरायचे. मग मुक्कामाच्या रात्री जेवणं झाली की अंगणात घोंगडं पडायचं. तात्या मधोमध, पुढ्यात तिकिटांची पत्र्याची पेटी, हातात तिकिटाला भोक पाडायचा पंच. शेजारपाजारचे हळूहळू गोळा व्हायचे. बायका सोप्यात, दाराआड. आणि तात्या पिक्चर सांगायला लागायचे.

नुसती गोष्ट नव्हे हं. पाट्यांपासून सुरुवात. कोण कोण आहे, गाणी कुणाची, पहिल्यांदा काय दिसतं. सीन बदलला की पेटीवर पंच वाजवायचे, टक्. त्या आवाजासरशी आम्ही वाड्यातून शेतात, शेतातून तमाशाच्या फडात. गाणी ते म्हणायचे नाहीत, गळा नव्हता. पण "आता हितं गाणं हाय" म्हणून तेवढा वेळ गप्प बसायचे आणि आम्हीही बसायचो. बरोबर निम्म्यात पेटीचं झाकण लावायचे. "मध्यंतर. पाणी आणा रं." मध्यंतर म्हणजे मध्यंतर! तात्यांची विडी संपेपर्यंत कुणी पुढचं विचारायचं नाही.

'पिंजरा' मी असा पाहिला. तिसरीत होतो. शांतारामबापूंचा हा पिक्चर १९७२ चा, तात्यांनी तो नंतर कधीतरी सांगलीला परत लागला तेव्हा पाहिला होता. आदर्श गुरुजी, गावात आलेला तमाशाचा फड, त्यातली नाचणारीण, आणि गुरुजी पायरी पायरीनं कसे उतरत जातात. एवढंच सांगतो, पुढचं तुझ्यासाठी राखून ठेवतो. मध्यरात्र झाली होती. आज्जी चुलीपाशी भिंतीला टेकून ऐकत होती. तात्यांनी एक प्रसंग सांगितला: गुरुजींची थोरली बहीण त्यांना शोधत फडावर येते. तंबूच्या दारातून बघते तर भाऊ हातात तुणतुणं घेऊन उभा. ती हाक मारत नाही. भाकरीचं गठुडं दारात ठेवते आणि मागच्या मागं फिरते. एसटीत येऊन बसते, आणि कंडक्टर तिचं तिकीट फाडत नाही. आज्जीनं पदर डोळ्यांना लावला, तो मला अजून दिसतो. आत्या तेव्हा आठवी-नववीत असेल. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

पुढं वालचंद कॉलेजला असताना सांगलीत मी खराखुरा 'पिंजरा' पाहिला. डॉ. लागू, संध्या, निळू फुले, आणि राम कदमांची ती गाणी, जी तात्यांच्या अंगणात आम्ही गप्प बसून ऐकली होती. थरारून गेलो. पण सबंध वेळ मी त्या बहिणीची वाट बघत होतो. ती आलीच नाही. सुट्टीत गावी गेल्यावर तात्यांना विचारलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "न्हाई? पन ती यायला पायजे हुती."

आता तुला कळेल, आत्या शेवट का सांगते. ज्या घरात ती वाढली तिथं ऐकणाऱ्याला तो पिक्चर कधीच बघायला मिळणार नव्हता. सांगणाऱ्यानं शेवट गिळला असता तर आज्जीला तो जन्मभर कळला नसता. पिक्चर सुचवणं म्हणजे 'तू जाऊन बघ' नव्हे, 'मी तुझ्यासाठी बघून आलो' असं होतं ते.

आणि शेवट कळला म्हणून आपल्या माणसाची गोडी कमी होत नाही. भावे नाट्यमंदिरावरून तू रोज जातेस. ज्या विष्णुदास भाव्यांचं नाव त्याला आहे, त्यांनी १८४३ मध्ये सांगलीतच, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, 'सीता स्वयंवर' केलं. मराठी रंगभूमी आपण तिथून मोजतो. त्या रात्री जमलेल्यांपैकी धनुष्य कोण मोडणार हे कुणाला ठाऊक नव्हतं? पाळण्यातल्या पोराला ठाऊक होतं. लोक बघायला आले होते ते हे कसं करतात. आपल्या घरी 'अशी ही बनवाबनवी' लागला की काय होतं ते आठव. १९८८ चा पिक्चर, अशोक सराफांचं वाक्य त्यांच्या आधी तुझी आई म्हणते, आणि तरी दर वेळी पोट धरून हसतो.

तरी तुझं म्हणणंही मला पटतं. आता पिक्चर प्रत्येकाच्या खिशात आहे. जो स्वतः बघणार आहे त्याचं पहिलं बघणं त्याच्याकडून कुणी काढून घेऊ नये. म्हणून आत्याला "सांगू नको" म्हणू नकोस. "आत्या, मध्यंतरापर्यंत सांग" म्हण. तिला मध्यंतर कळतं, तिनं तात्यांची विडी संपायची वाट बघितलेली आहे.

आता माझ्या आवडीचं, मध्यंतराच्या अलीकडचं.

सगळ्यात आधी 'दो आँखें बारह हाथ', १९५७. हिंदी आहे, पण मूळ आपल्या मातीतलं. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत काढली. खुनाची शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय ठेवायचं, शेती करू द्यायची, विश्वास टाकायचा. पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांचा त्यात मोठा वाटा होता. गदिमा शेजारच्या माडगूळचे. त्यांनी त्यावरून गोष्ट लिहिली आणि शांतारामबापूंनी तिचा पिक्चर केला: सहा खुनी, ओसाड माळ आणि एक जेलर. जेलर स्वतः बापूच. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना खरोखरची इजा झाली होती. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. मी इथं पडद्यावर तो माळ बघितला की मला आपला माळ दिसतो, कुसळं पायात घुसलेली जाणवतात. स्वतंत्रपूर आजही आहे. गावाकडे जाल तेव्हा आत्याला त्या रस्त्यानं गाडी घ्यायला सांग.

त्याच्या जोडीला 'बनगरवाडी'. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर यांच्या कादंबरीवर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केलेला. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा काढायला येतो. माणदेशातला दुष्काळ कसा दबक्या पावलांनी येतो, ते त्यात बघ. आपल्या आजोबांची पिढी कशी जगली ते मी तुला शंभर वेळा सांगितलं असेल, पण ते तिथं दिसतं.

'सामना' मात्र आत्याशेजारी बसून बघ. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, तेंडुलकरांचं लेखन, समोरासमोर निळू फुले आणि लागू. लागू जन्मानं साताऱ्याचे, १९२७ चे. उसाच्या पट्ट्यातला बडा पुढारी आणि एक दारुडा मास्तर, ज्याला एका नाहीशा झालेल्या माणसाबद्दल प्रश्न पडतो. कारखाना, पंचायत, पुढाऱ्याच्या वाड्यावरचा राबता, हे तुला परकं आहे. आत्या प्रत्येक सीनला काहीतरी सांगेल. तिला सांगू दे, इथं ते लागतंच.

'फँड्री' एकटी बघ. नागराज मंजुळेंचा. काळ्या चिमणीमागं धावणारा जब्या तुझ्यापेक्षा लहान आहे. त्याच्या शेवटाबद्दल कुणी एक शब्द जरी बोलायला लागलं तर उठून जा, माझी परवानगी आहे. 'किल्ला'ही बघच. वडील गेलेत, आईची बदली झालीय आणि अकरा वर्षांचा मुलगा कोकणातल्या नव्या गावात कुणालाच ओळखत नाही. बर्लिनमध्ये मुलांच्याच ज्युरीनं त्याला स्फटिक अस्वल दिलं होतं, २०१४ मध्ये. तू हॅम्बुर्गच्या शाळेत पहिल्या दिवशी डबा न उघडता परत आणला होतास. तो पिक्चर बघताना मला तेच आठवत राहिलं.

मालिकांचं थोडक्यात. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' कुठूनही सुरू कर, प्रभावळकरांच्या आबांवर माझा जीव आहे. 'लागीरं झालं जी' सातारच्या बोलीसाठी ऐक. गोष्ट पुढं लांबते, पण फौजेत जायचं स्वप्न बघणारी ती पोरं सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात भेटतात. आणि 'समांतर'चा शेवट भिशीतल्या कुणालाही सांगू देऊ नकोस. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची आहे ती. आपलं उद्याचं आयुष्य कुणीतरी आधीच जगून बसलंय, असं एका माणसाला कळतं. हिची सगळी मजा पुढं काय होणार यातच आहे. तात्यांनीसुद्धा ही अर्ध्यातच थांबवली असती.

राहिला पुढचा शनिवार. मराठीतलं काही सुचवायला जाऊ नकोस, त्या बायकांनी सगळं बघितलंय. तू त्यांना आपल्या इकडचा सुचव: 'डेर ब्लाऊअ एंगल', १९३०, एमिल यानिंग्स आणि मार्लेना डीट्रिश. करड्या शिस्तीचा मास्तर, रात्रीच्या बारमध्ये गाणारी बाई, आणि मास्तर पायरी पायरीनं कसा उतरत जातो. ओळखलंस? 'पिंजरा'चं बीज तिथलं. ज्या कादंबरीवरून तो जर्मन पिक्चर निघाला तिचा लेखक हाइनरिश मान ल्युबेकचा, आपल्या घरून रेल्वेनं पाऊण तासावर. तिथल्या नदीकाठी तू आइस्क्रीम खाल्लंयस.

भिशीत कुणाला जर्मन येत नाही. म्हणजे सांगावा तुलाच लागणार. टीव्हीचा आवाज कमी कर, आत्याच्या हातचं भडंग मधे ठेव आणि सांगत जा, अडलं तिथं थांबून, मराठी शब्द सापडेना तर आत्याला विचारून. निम्म्यात मध्यंतर कर. त्यांना शेवट हवा असेल तर सांग. हवा असेलच.

आणि सगळ्या गेल्या की आत्याला विचार, तात्यांच्या 'पिंजरा'तली ती बहीण तिला आठवते का. तात्या गेले. त्या अंगणात बसलेल्यांपैकी आता ती आणि मी, दोघंच उरलोय. माझ्या आठवणीत बहीण काहीच न बोलता जाते, पण बसमध्ये चढताना ती एक वाक्य बोलायची असं मला अलीकडे वाटायला लागलंय आणि ते काही केल्या आठवत नाही. आत्याला आठवत असेल तर तिच्याच आवाजात फोनवर टेप कर आणि मला पाठव.

आत्याला नमस्कार सांग.

तुझा,
बाबा